शिवणीत गेलेली वाडी

"आमची वाडी कुनी खाल्ली, तेवढं सांगा. मंग मी जाते माज्या वाटंनी."

हिरामावशी आमच्या ऑफिसच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. ओरडणं असं, की खाली लोणावळ्याच्या रस्त्यावर रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवायचं थांबवलं. उगीच स्पर्धेत कशाला उतरा. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरलेली एक मालगाडी तो आवाज ऐकून उलटी मागे आली, असंही मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे. मालगाडीचं एक सोडून द्या. बाकीचं खरं आहे.

मावशी आंदर मावळाच्या पार टोकाहून आली होती. हेदमाळ नावाची ठाकरांची वाडी, अकरा घरं. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक ओढा. उन्हाळ्यात त्यात कोंबडीसुद्धा चालत जाते, पावसाळ्यात हत्ती वाहून जाईल. त्यावर साकव, म्हणजे चार पावलांचा लहानसा पूल, व्हावा म्हणून वाडी कित्येक वर्षं अर्ज करत होती. अखेर यादीत नाव लागलं आणि लगेच कापलंही गेलं. मावशीनं तो कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. ग्रामसेवकानं तिला वाचून दाखवलेलं एकच वाक्य तिला पाठ होतं: नकाशावर वस्ती आढळत नाही. पक्की यादी सोमवारी वर जाणार होती. तो दिवस होता शुक्रवार. आणि नकाशा केला होता आम्ही.

"माजी नात गेल्या सरावनात वड्यात गेलती," मावशी म्हणाली. आवाज आता खाली आला होता, आणि खाली आल्यावर तो जास्तच लागत होता. "वेनी हातात घावली म्हनून वाचली. आवंदा कुनाची वेनी धरू?"

देवधर साहेबांनी घाईघाईनं मोठ्या स्क्रीनवर नकाशा उघडला. जंगल. कडा. पुन्हा जंगल. खाली ओढ्याची रेघ. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मावशी, इथं काहीच नाही हो."

"मंग मी कुटनं आले?"

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. आम्ही सात-आठजण मात्र एकदम बोलायला लागलो. कुणी म्हणालं उपग्रहाचा दोष, कुणी म्हणालं ढग असतील, कुणी मावशीला पाणी दिलं, कुणी ते चुकून स्वतःच पिऊन टाकलं. एकटे जगन्नाथ मास्तर तेवढे खिडकीजवळ गप्प बसून होते. हे नवलच होतं, कारण मास्तर गप्प बसलेले त्या ऑफिसच्या भिंतींनीही पाहिले नव्हते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी मास्तर. गाव परंदवडी, दुकान सोमाटणे फाट्याला. शाळांनी तयार गणवेश घ्यायला सुरुवात केली आणि दुकान बसलं. त्याच सुमारास देवधर साहेबांनी इथल्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली: हवाई फोटो शिवण्यासाठी अनुभवी माणसे हवीत. आमच्या धंद्यात एका फोटोला दुसरा जोडण्याला शिवणंच म्हणतात, तेव्हा साहेबांचं काही चुकलं नव्हतं. पण परंदवडीत मास्तरांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, हवाई छापाचं कापड असेल. खंडाळ्याला येणारी पोरं घालतात ना, झाडं, विमानं आणि पोपट काढलेले शर्ट, तसलं. ते गळ्यात टेप आणि पिशवीत कात्री घालून मुलाखतीला हजर झाले.

साहेब सज्जन. आलेल्या माणसाला तसंच परत कसं पाठवायचं म्हणून त्यांनी काम दाखवलं. स्क्रीनवर दोन फोटो जोडलेले होते, त्यात कुठलंसं गाव. मास्तरांनी ते कापडाचा पोत बघावा तसं नाक लावून बघितलं आणि विचारलं, "ह्या गावाला सूर्य दोन हायेत का?"

आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. डावा फोटो सकाळचा होता, उजवा दुपारनंतरचा. त्यामुळे देवळाची सावली पश्चिमेला पडली होती आणि देवळासमोरच्या पिंपळाची पूर्वेला. मास्तरांना त्याच दुपारी कामावर घेतलं. कात्री मात्र साहेबांनी कपाटात ठेवून घेतली, न जाणो मास्तर स्क्रीनलाच लावतील.

आता हे काम काय असतं ते सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. तुम्ही मोबाइलवर बोटानं नकाशा सरकवता आणि तुम्हाला वाटतं, आकाशात कुणीतरी एक मोठा कॅमेरा टांगला आहे. तसं काही नसतं. विमान शेत नांगरावं तसं सरळ तासांत, म्हणजे ओळींत, जात-येत फोटो काढतं. एकेक फोटो पुढच्याच्या अर्ध्याअधिक अंगावर चढलेला असतो, शेजारच्या तासातल्या फोटोवरही थोडा. शिवाय वरून पाहताना डोंगर आणि इमारती बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतात, त्या मोजून-मापून सरळ कराव्या लागतात. विमान गेलं नाही तिथं उपग्रहाचे फोटो आणून लावायचे. मावळात तेही पावसाळ्याचे चालत नाहीत, चार महिने उपग्रहाला इथं नुसता पिंजलेला कापूस दिसतो. मग यातला चांगला चांगला भाग निवडायचा, उन्हाळ्याचा तपकिरी आणि दिवाळीनंतरचा हिरवा रंग एकमेकांशी जुळवायचे, जोड लपवायचा. शेकडो तुकड्यांची गोधडी असते, पण बघणाऱ्याला ती सलग धोतराचं पान वाटली पाहिजे.

फोटो एकमेकांवर चढलेला असतो त्या भागाला आमच्याकडे लांबलचक इंग्रजी नाव होतं. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात ते मोडीत काढलं. कापड बेतताना शिवणीसाठी थोडं जास्तीचं सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर विमानाच्या फोटोंचा गठ्ठा आला की पहिलं विचारायचे, "माया किती सोडलीय?" सहा महिन्यांत सगळं ऑफिस मायेवर आलं. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांसमोर देवधर साहेब इंग्रजीत बोलता बोलता 'थर्टी पर्सेंट माया' म्हणाले, आणि पाहुण्यांनी ते आदरानं वहीत लिहून घेतलं. नव्या माणसाला दम भरताना मास्तर म्हणायचे, "मायाच सोडली न्हाई तर जोडशील काय, तुजं कपाळ?" मीसुद्धा बोलताना थोडी माया सोडूनच बोलतो. ज्याला जास्त वाटेल त्यानं आत दाबून घ्यावी.

मास्तर बूट काढूनच कॉम्प्युटरसमोर बसायचे. हातात माऊस, पण उजवा पाय टेबलाखाली एकसारखा वरखाली. मशीन नसलं तरी पाय पायडल मारत राहायचा. शिवण सरळ निघाली की पायाला वेग यायचा, अडचण आली की पाय थांबायचा. साहेब म्हणायचे, या माणसाच्या पायाला तार जोडली तर ऑफिसचं विजेचं बिल वाचेल.

त्यांचा पहिला नियम होता, "शिवण छातीवरनं न्यायची न्हाई, बगलंतनं न्यायची." छाती म्हणजे घर, देऊळ, शाळा. बगल म्हणजे ओढा, रस्ता, बांध, जिथं जोड असला तरी डोळ्याला खुपत नाही. हा नियम त्यांच्या आधी कुणी पाळत नव्हतं. त्यामुळे खंडाळ्यातल्या एका बंगल्याच्या पोहण्याच्या तलावातूनच शिवण गेली होती. अर्धा तलाव निळ्याशार पाण्यानं भरलेला, अर्धा कोरडा, पालापाचोळ्यानं भरलेला, कारण दोन फोटो दोन वर्षांचे. काठावर मालकांचा कुत्रा झोपला होता, त्याचं तोंड एका सालातलं आणि शेपूट दुसऱ्या सालातली. मालकांनी फोनवर साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मास्तरांनी शिवण उचलून बंगल्यामागच्या मेंदीच्या कुंपणात नेऊन घातली. मालक खूश. कुत्राही तोंडापासून शेपटीपर्यंत एकाच सालात आला. असो.

दुसरा नियम, कापडावर डाग नको. पत्र्यावर चमकलेलं ऊन, ढगाचं फाटकं टोक, धुक्याचा पांढरा ओरखडा, काहीही दिसलं की मास्तरांचा जीव खालीवर व्हायचा. "गिऱ्हाइकाला डाग दिसला तर ते बाकीचं कापड बघतच न्हाई," म्हणायचे, आणि शेजारच्या फोटोतला स्वच्छ तुकडा आणून तिथं बसवायचे. इतका बेमालूम, की मूळ जागा देवालाही सापडू नये.

आणि तिसरा नियम त्यांनी कधी सांगितला नाही, पण आम्हाला ठाऊक होता: मास्तर चुकत नाहीत. दुकान होतं तेव्हा एका नवरदेवाचा कोट त्याला बसेना. पुढची दोन टोकं एकमेकांची तोंडं बघायला तयार नाहीत. वरात दारात उभी. मास्तरांनी कोटाभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "कोट बराबर हाय. तुमी आनंदानं लय श्वास घेताय." नवरदेव बिचारा अर्ध्या श्वासावर बोहल्यावर चढला. मंगलाष्टकं संपेस्तोवर तो निळा पडला होता असं मास्तर स्वतः सांगायचे, आणि वर म्हणायचे, "बघ, बटन लागलं का न्हाई?" माप चुकलं असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, त्यांच्या बायकोनंसुद्धा.

तर असे मास्तर खिडकीजवळ गप्प बसले होते, आणि टेबलाखाली त्यांचा पाय थांबला होता.

देवधर साहेबांनी हेदमाळच्या भागाचं काम कुणी केलं ते बघायला पान उघडलं. कोपऱ्यात ज. मा. अशी अक्षरं होती. साहेबांनी ती वाचली, मी वाचली, आणि दोघांनीही वाचली नाहीत असं केलं.

तेवढ्यात मास्तर उठले. कुणाकडे न बघता त्यांनी मूळ फोटो काढले, जोडायच्या आधीचे, आणि दोन स्क्रीनवर शेजारीशेजारी लावले. डावीकडच्या फोटोत विमान कड्याच्या पलीकडून गेलं होतं. कडा कलून पुढे आला होता आणि त्यानं आपल्या मागचं सगळं झाकलं होतं. दिसत होती नुसती झाडी, स्वच्छ, नितळ. उजवीकडच्या फोटोत तीच जागा उघडी होती, पण तिच्यावर मोठा पांढरा डाग. बोटानं पुसल्यासारखा, एका बाजूला ओढत गेलेला.

"बघा," साहेब म्हणाले, "इथं डाग आहे. म्हणून हा भाग गाळून डावीकडचा घेतला गेला. आणि डावीकडच्यात..."

"डाग?" हिरामावशी दोघांना बाजूला सारून पुढे आली. नाक स्क्रीनला टेकलं. "आवं, डाग कसला. राब हाय त्यो. माजा राब."

आणि तिनं बोट ठेवलं. "ह्यो वाकडा आंबा. त्याच्या बुडाला माजा राब. वाऱ्यानं धूर वड्याकडं जातो, तसाच चाललाय बगा. आनि ही घरं. ह्यो आमचा पत्रा. ह्यो दिराचा. ह्ये सोमाचं कौलारू, त्याचं कोपऱ्यातलं कौल फुटलंय." धुराच्या कडेनं, धुराच्या आडून, ती घरं मोजत गेली. अकरा भरली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, तेवढ्या जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून ती भाजतात, तो राब. साऱ्या मावळात चैत्र-वैशाखात असे धूर निघतात. मास्तरांनी परंदवडीत लहानपणापासून राब भाजले होते. हातावर त्याचे चट्टे होते. आणि त्याच माणसानं तो धूर डाग म्हणून काढून टाकला होता, चोख, बेमालूम, शिवण ओढ्याच्या बगलेतून नेऊन, स्वतःचे सगळे नियम पाळून. त्या शिवणीत अकरा घरं दाबली गेली होती.

मास्तर स्क्रीनकडे बघत होते. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, राब चुकीच्या दिवशी भाजला. त्यांनी खुर्ची स्क्रीनसमोर ओढली.

"मावशी," देवधर साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक झाली. तो आपोआप निवडतो हो."

मावशीनं कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग आम्हा एकेकाकडे पाहिलं, सावकाश, बाजारात बैल बघावेत तसं. मग खुर्ची ओढून बसली.

"मंग त्याला सांगा, नीट कर म्हनावं. मी हाय हितंच."

चारच्या गाडीपर्यंत ती बसली. मास्तर कामाला लागले. ऐकायला सोपं वाटतं, फोटो बदलायचा आणि झालं. पण ओढ्यातली शिवण उसवून ती कड्याच्या धारेवर न्यायची होती, म्हणजे डोंगराच्या अंगावरून. तिथं दोन फोटोंत जमिनीचा चढच जुळेना. एक बांध तुटून हातभर वर सरकला, एक पायवाट कड्यावरून थेट हवेत गेली. उंचीची मापं पुन्हा भरा, पुन्हा ताणा, पुन्हा रंग लावा. शनिवारी सकाळी मला टेबलाखाली पाय हलताना दिसला आणि माझ्या जिवात जीव आला. साहेब येऊन म्हणाले, "मास्तर, धूर जरा पुसट करता येईल." मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्या दोन दिवसांत ते बोललेले हे दोनच शब्द.

शनिवारी दुपारी नवा नकाशा, मूळ फोटो आणि साहेबांचं पत्र रवाना झालं. सोमवारी ऑफिसात काम कुणी केलं नाही. फोन वाजला की आठ हात पुढे जायचे. साडेतीन वाजता ग्रामसेवकाचा फोन आला: हेदमाळ यादीत आहे. आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला तर खिडकीचे पडदे बाहेर जाऊन फडफडायला लागले, आणि देवधर साहेब आनंदानं ज्या खुर्चीत बसले ती तिथं नव्हतीच. पेढे आले. मास्तरांनी पेढा हातात धरून विचारलं, "मावशीला कळवलं का?" कळवलं म्हटल्यावर त्यांनी तो खाल्ला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. शुक्रवारपासून माणसाच्या पोटात काही गेलं नव्हतं, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

पुढचे काही महिने मास्तर तसेच होते, मोठ्यानं बोलणारे, नव्यांना दम देणारे. एकच फरक पडला. पांढरं काही दिसलं की शेजारचा तुकडा शोधायच्या आधी ते म्हणायचे, "कोन ऱ्हातं हितं, ते आधी बघा." त्यापायी कामाला उशीर व्हायचा. एकदा त्यांनी एका ढगासाठी तीन गावच्या पोलीस पाटलांना फोन केले. तो ढगच निघाला.

साकव पावसाळ्याच्या आत उभा राहिला. त्याच दिवसांत मास्तरांनी काम सोडायचं ठरवलं, जुन्नरला मुलीकडे राहायला जायचं होतं. जायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले, "गड्या, तुजी मोटारसायकल हाय नव्हं? हेदमाळला जाऊन येऊ." अजून माझ्या डोळ्यांपुढे मास्तर येतात ते त्या दिवसाचेच.

मागे बसून ते सारखे काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, माझ्या गाडी चालवण्यापायी देवाचं नाव घेत असतील. अनेक लोक घेतात. पण वारा पडला तेव्हा शब्द ऐकू आले. "मावशी, त्याचं आसं झालं, विमान जरा तिरपं गेलं, आनि सूर्य..." थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला विमान गेलं, सूर्य राहिला. रस्ता संपला, मोटारसायकल लावली आणि चालायला लागलो तेव्हा सूर्यही गेला होता. चढावर फक्त दम लागल्याचा आवाज.

ओढ्यावर साकव होता. दोन बैल शेजारीशेजारी जातील एवढा, कठड्याला पिवळा रंग, आणि कुणीतरी लगेच त्याला शेळी बांधून ठेवलेली. दोन मुली दप्तरं आपटत आमच्या अंगावरून पळत पलीकडे गेल्या. मास्तरांनी मधोमध थांबून खाली पाहिलं. ओढा कोरडाच होता. तरी बराच वेळ पाहिलं.

वाकड्या आंब्यापाशी राबाची जमीन काळी होती. हिरामावशी ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिनं आम्हाला ओळखलं, या म्हणाली, आणि निवडत राहिली. मास्तरांनी चपला काढल्या, त्या सरळ लावल्या, आणि ओट्याखालीच उभे राहिले. मी उगाच शेळीकडे बघत लांब थांबलो. लांब म्हणजे ऐकू येईल इतकाच.

"मावशी," मास्तर म्हणाले, "वाडी कॉम्प्युटरनं न्हाई दाबली. मी दाबली. माज्या हातानं."

मावशीनं सुपातला एक खडा वेचला आणि अंगणात टाकला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "भात टाकलाय. हात धुवा."